भिंतीपलीकडचं

अहो वहिनी, कॅमेरा नाही तो! सकाळपासून बघतेय, धुणं वाळत घालता घालता तुमची मान सारखी आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीकडे वळतेय. परवा दूधवाल्यानं विचारलं. काल म्हणे तुमच्या ह्यांनी आमच्या ह्यांना फाटकातच गाठलं, ‘सीसीटीव्ही बसवलात वाटतं, काही गेलंबिलं का?’ काही गेलं नाही. भिंतीवरचा तो पांढरा डबा माझ्या भाचीचा आहे. धाकट्या बहिणीची मुलगी हो, दिवाळीत आली होती, बॉबकट केलेली. तुम्ही चकल्या दिल्यात आणि तिनं ‘मऊ पडल्यात’ म्हणून तोंडावर सांगितलं, तीच. तिला खोटं बोलता येत नाही, काय करणार. संशोधक आहे.

कॉम्प्युटर इंजिनिअरच आहे, पण कंपनीत नाही. पीएचडी करतेय. हो, अजून. बहिणीची पंचाईत बघा: कुणी विचारलं मुलगी काय करते, तर ही म्हणते कॉम्प्युटरमध्ये आहे. लगेच पुढचा प्रश्न, पॅकेज काय? स्टायपेंडचा आकडा सांगितला की समोरचं माणूस चहाच्या कपात बघायला लागतं. मागे एक स्थळ आलं होतं पुण्याचं, मुलगा चांगला होता, त्याच्या आईनं कौतुकानं विचारलं, ‘तुझं नेमकं काम काय गं?’ तर ही म्हणाली, ‘म्हाताऱ्या माणसांचा झोपेतला श्वास मोजते.’ संपलं. पोहे तसेच राहिले.

पण खरंच तेच करते ती. आमचे सासरे, अण्णा, झोपले की तो डबा त्यांचा श्वास मोजतो, मिनिटाला किती, मध्ये थांबला का, रात्री किती वेळा उठले. अंगाला काही लावायचं नाही, वायर नाही, पट्टा नाही. आणि अण्णांसाठी हेच हवं होतं हो! मोठ्या दिरांनी अमेरिकेतून मनगटावरचं घड्याळ पाठवलं होतं, हृदयाचे ठोके मोजणारं. अण्णा म्हणाले, माझ्या हातात एचएमटी आहे. मग गळ्यात अडकवायचं बटण आणलं, पडलात तर दाबा म्हणून. ते टोपीबरोबर खुंटीला. आणि मागच्या श्रावणात न्हाणीघराच्या दारात पडले तेव्हा टोपी आणि बटण दोन्ही खुंटीवरच होतं. भाचीला हे सांगितलं तर तिला हसू आवरेना. म्हणाली, मावशी, आमच्या क्षेत्रातल्या अर्ध्या उपकरणांचं मरण याच खुंटीवर आहे.

रडार आहे ते. घाबरू नका, विमानतळावरचं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे मला तिनं सविस्तर सांगितलं, आणि मी तिला उलट प्रश्न विचारून बेजार केलं ते वेगळं. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, तसं. डबा रेडिओलहरी सोडतो, त्या माणसावर आपटून परत येतात. जायला-यायला लागलेल्या वेळावरून माणूस किती लांब ते कळतं. आपलं शरीर बरंचसं पाणीच, त्यामुळे लहरी चांगल्या परततात. आता श्वास घेताना छाती फुगते काही मिलिमीटर, आणि हृदयाच्या ठोक्यानं कातडी हलते ती मिलिमीटरच्याही अंशानं. परतलेल्या लहरीत तेवढासा फरक पडतो. तो फरक शोधून काढायचा आणि त्यातला श्वास कुठला, ठोका कुठला आणि नुसतं कूस बदलणं कुठलं हे वेगळं करायचं, हे तिचं काम. डबा बाजारात मिळतो, त्यात काही विशेष नाही म्हणते. सगळी मारामारी पुढच्या गणिताची.

ह्यातलं मोठं नाव कुणाचं म्हणाल तर एका बाईचंच, बरं का. दिना कटाबी. अमेरिकेत एमआयटीमध्ये प्राध्यापक आहेत, मूळच्या सीरियातल्या, दमास्कसच्या. भाचीच्या लॅपटॉपवर देवाचा फोटो नाही, त्यांचा आहे. आणि ऐका, घर सगळं डॉक्टरांचं. वडील डॉक्टर, काका-आत्या डॉक्टर. त्याही मेडिकलला गेल्या, वर्षभर शिकल्या आणि सोडून इंजिनिअरिंगला आल्या! घरात काय झालं असेल याची कल्पना करा. आपल्याकडे कुणी मेडिकलची सीट सोडली असती तर तीन पिढ्या त्याचंच बोलत बसलो असतो आपण, इथं कुंपणाला टेकून.

मग एमआयटीत पीएचडी केली, 2003 मध्ये, आणि ती कशावर, तर इंटरनेटवर होणाऱ्या गर्दीवर. आजारपणाचा काही संबंध नाही. वायरलेसमध्ये काम करता करता 2013 च्या सुमाराला त्यांच्या आणि फादिल अदीब नावाच्या त्यांच्या विद्यार्थ्याच्या हाती असं लागलं की वाय-फायच्या लहरींवरून भिंतीपलीकडे माणूस हलतोय हे ओळखता येतं. दोन वर्षांनी तेच लोक आठ मीटरवरून, मध्ये भिंत असली तरी, श्वास आणि ठोके मोजायला लागले. 2015 मध्ये व्हाइट हाऊसमध्ये ओबामांसमोर प्रयोग करून दाखवला, म्हातारं माणूस घरात पडलं तर कळतं म्हणून. म्हणजे बघा, मेडिकल सोडून गेलेली बाई केवढा वळसा घालून परत रुग्णाच्या उशाशी आली. मला हे फार आवडलं. भाचीच्या आईला सांगून बघितलं, तिला नाही आवडलं. ती म्हणाली, त्यांचं लग्न झालंय का?

नाही हो, आमच्या डब्याला तुमच्या घरातलं कळत नाही. विचारणारच तुम्ही, माहीत होतं मला. हा आपला साधा आहे, ह्याच्या लहरी भिंतीशी थांबतात, खोलीपुरत्या. तुमच्या माजघरात काय चाललंय ते मला अजून असंच कुंपणावरून विचारावं लागतं.

आता खरं सांगते मला कशानं पटलं ते. तुमच्या सासूबाईंचा कंपवात आठवतोय ना? कधी कळला आपल्याला? पेन्शनच्या कागदावरची सही जुळेना, बँकेनं कागद परत पाठवला, तेव्हा. अक्षर बारीक बारीक होत चाललं होतं, आणि आपण म्हणत होतो चष्म्याचा नंबर वाढला असेल. हात थरथरायला लागेपर्यंत मेंदूतलं बरंच काही गेलेलं असतं. तर कटाबींच्या गटानं 2022 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापलं की नुसत्या झोपेतल्या श्वासाच्या नोंदीवरून कंपवात ओळखता येतो, आणि तो किती वाढलाय हेही कळतं. साडेसात हजारांवर माणसांच्या नोंदी तपासल्या. काही पट्टा बांधून घेतलेल्या, काही ह्या अशा डब्यानं. आणि गंमत म्हणजे ज्या जेम्स पार्किन्सननं 1817 मध्ये हा आजार लिहून ठेवला, त्यानंही ह्या रोग्यांच्या श्वासाचा उल्लेख केला होता. मधली दोनशे वर्षं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही. कुणी रात्रभर रोग्याच्या उशाशी बसून श्वास मोजणार? आणि डॉक्टरकडे नेलं की हे लोक कसे वागतात ते तुम्हाला माहीतच आहे. घरी पाय ओढत चालणाऱ्या तुमच्या सासूबाई दवाखान्यात शिरल्या की ताठ व्हायच्या! डॉक्टर म्हणायचे, छान आहेत की.

हां, पण सगळं गोडगोड नाही. इथंच माझं आणि भाचीचं पटलं, एरवी पटत नाही. ती म्हणते, मावशी, हे डबे शिकले कुणाच्या घरात? अमेरिकेत. एक म्हातारी, एक खोली, एक पलंग, दार बंद. आणि आपल्याकडे? पहिल्या रात्री डबा लावला, सकाळी बघते तर नोंदीत काहीतरी फेर धरून नाचतंय. छताचा पंखा! जानेवारीतसुद्धा अण्णांना पंखा लागतो, डास बसतात म्हणून. तरी पंखा सोपा, ती म्हणते, तो जागचा हलत नाही आणि एका ठेक्यात फिरतो, श्वासाचा ठेका त्याहून कितीतरी सावकाश. मिनिटाला बारा ते वीस. गाळून टाकता येतो. मच्छरदाणी हलते, तिचंही काहीतरी जमवलं. मग म्हणाली, आता अवघड ते: माणसं.

दोन माणसांत मीटर-दीड मीटर अंतर असलं तर डब्याला ती वेगवेगळी कळतात. त्याहून जवळ आली की दोघांचे श्वास एकमेकांत मिसळतात. कटाबींच्या गटाच्या त्या 2015 च्या कामातही ही अडचण नोंदवून ठेवलीय म्हणे. आता आपल्याकडे हॉलमध्ये गाद्या अंथरल्या की मीटरभर अंतर कुठून आणायचं? आजीला चिकटून नातू, त्याला चिकटून आत्या. लग्नघरात तर एका सतरंजीवर पाच जणी. भाचीचा अख्खा प्रबंध आता ह्यावरच आहे. एका खोलीत जवळजवळ झोपलेल्या माणसांचे श्वास सुटे कसे करायचे. परदेशातल्या परिषदेत तिनं आपल्या आजोळच्या हॉलचा नकाशाच दाखवला, कोण कुठं झोपतं त्याचा. एका साहेबांनी विचारलं, ह्या घरात निर्वासित राहतात का? ही म्हणाली, नाही, गणपती आहेत.

हसताय काय, खरंच सांगते.

आणि हे फक्त ह्या डब्याचं नाही. ऑक्सिमीटर घ्या. 2020 मध्ये ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ म्हणून आपल्या गल्लीत आशाताई फिरल्या होत्या, आठवतंय? तुम्ही दारातच बोट पुढं केलंत आणि त्या म्हणाल्या, मेंदी लावलीय, दुसरं बोट द्या. आकडाच येईना. ते यंत्र बोटातून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन प्रकाश सोडतं. प्राणवायू असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून हिशेब. मेंदी, नेलपॉलिश, गार पडलेली बोटं, सगळं आडवं येतं. त्याची युक्ती ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनिअरची, 1974 सालची. त्यांना मोजायचं होतं दुसरंच काहीतरी, हृदय किती रक्त फेकतं ते. त्या मोजणीत नाडीची धडधड सारखी लुडबुड करायची. ती काढून टाकायच्या नादात त्यांच्या लक्षात आलं की अरे, ही लुडबुडच प्राणवायूचं सांगतेय! त्यांनी तिलाच धरलं. 2020 च्या एप्रिलमध्ये वारले, चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन. त्या वर्षी जगात घराघरात लोक त्यांच्या यंत्रात बोट घालून बसले होते, आणि नाव कुणाला ठाऊक नाही. मीही भाचीकडूनच ऐकलं.

तर सांगायचं ते हे, की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की हे यंत्र सावळ्या-काळ्या कातडीला फसतं. बोटावर 92 ते 96 दाखवतंय, पण रक्त काढून तपासलं तर 88 च्या खाली. असं गोऱ्यांमध्ये शंभरात साडेतीनच्या आसपास निघालं आणि काळ्यांमध्ये जवळपास बारा. सगळा जन्म रुग्णालयात गेला ह्या यंत्राचा, आणि कातडीच्या हिशेबाकडे फारसं कुणी लक्षच दिलं नव्हतं. मला तर रागच आला. आपण काय गोरे आहोत? भाची म्हणते, रागावून काय होणार, मोजून दाखवायला लागतं. तिच्या विभागात दुसरी एक मुलगी आहे, ती मनगटावरच्या घड्याळांवर काम करते. त्यातला हिरवा प्रकाश कातडीच्या रंगानं किती अडतो ते बघते. काचेच्या बांगड्या घालून, पाटल्या घालून, कणीक मळताना, धुणं पिळताना. धुणं पिळताना घड्याळ म्हणे हाताच्या हालचालीलाच ठोके समजून बसतं. असल्या घड्याळांसाठी कणीक मळून घ्यायला बायका शोधत होती ती, मी म्हटलं आमच्या वहिनींना बोलव, त्यांच्या पोळ्या तरी मऊ होतात.

बरं बरं, चकल्यांचं काढत नाही परत.

घड्याळावरून आठवलं. त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या साहेबांचं कळलं ना? तुम्हाला अर्धंच कळलंय. रात्री अकराला घड्याळानं सांगितलं, हृदयाची लय बिघडलेली दिसते. साहेबांनी आधी मुलाला फोन केला बेंगळुरूला, मग गाडी काढली स्वतःच, लुंगीवर. रात्रभर हॉस्पिटलात ठेवून घेतलं, सगळ्या तपासण्या, बिल चांगलं घसघशीत, आणि सकाळी ‘काही नाही, जा घरी’. आता ते घड्याळ काढत नाहीत आणि झोपतही नाहीत. भाचीनं ह्यावर मला एक मोठा अभ्यास सांगितला. अॅपलच्या घड्याळाचा, स्टॅनफर्डवाल्यांनी केलेला, 2019 मध्ये छापून आला. चार लाख एकोणीस हजारांवर माणसं. त्यातल्या 2,161 जणांना घड्याळानं इशारा दिला. त्यातल्या काही जणांना छातीला लावायची पट्टी पाठवली, 450 जणांनी ती लावून परत केली, आणि त्यातल्या चौतीस टक्क्यांना खरंच तो त्रास निघाला. बाकीच्यांना काहीच नव्हतं असं म्हणता येत नाही, ती लय येते-जाते, पट्टी लागेपर्यंत गेलीही असेल. पण विचार करा, त्या इशाऱ्यानंतरची रात्र त्या दोन हजार माणसांनी कशी काढली असेल? ते कुठल्या तक्त्यात येत नाही. साहेबांच्या बाईंना विचारा, त्या सांगतील.

म्हणून ह्या डब्याला मी आधी नाहीच म्हटलं होतं. रात्री-अपरात्री भोंगा वाजवणार असशील तर नको, अण्णांच्या आधी मी जाईन. तिनं सांगितलं, भोंगा नाहीच. तो आपला साठवत राहतो, महिन्याचं एकत्र बघायचं, काही बदललं तर डॉक्टरांना दाखवायचं. अमेरिकेत कोविडच्या वेळी असंच एका वृद्धाश्रमात लावलं होतं. आजींच्या खोलीत कुणी शिरायचं नाही, आणि बाहेर डॉक्टर बघतायत की श्वास हळूहळू ताळ्यावर येतोय. ते मला बरं वाटलं.

आता तुमचा तो दुसरा प्रश्न, जो तुम्ही मघापासून तोंडात घोळवताय. सुनेला कळेल का, दुपारी मी किती झोपते? कळेल! डबा तुमच्या खोलीत लावला आणि नोंद तिच्या फोनवर गेली तर नक्की कळेल. कितीदा उठलात, कितीदा स्वयंपाकघरात गेलात, डायबेटिस असताना रात्री बाराला फ्रीज उघडलात का, सगळं. म्हणूनच भाची म्हणते की नोंद कुणाकडे जाणार हे ज्याचा श्वास त्यानंच ठरवायचं. कटाबींच्या गटानं तर असं सुचवलंय की डब्यानं आधी त्या माणसाला सांगितलेल्या हालचाली करायला लावायच्या. त्यानं आपणहून केल्या तरच मोजणी सुरू. दिल्लीत 2023 साली वैयक्तिक माहितीचा कायदा झालाय, तोही आहेच. पण वहिनी, खरं सांगू? आपल्या गल्लीत पूर्वी डबा कशाला लागत होता? पहाटे पाचला कुणाचा खोकला आला नाही तर सहाला कुणीतरी दार वाजवायचं. कुणाची नजर चुकायची नाही, आणि त्याचा जाचही काही कमी नव्हता. तुमच्या नणंदेचं लग्न मोडता मोडता राहिलं ते कुणाच्या नजरेमुळे, नाव नाही घेत. आता बघा, कोपऱ्यावरचा बंगला सोडला तर त्या रांगेत एकेक माणूस एकेका घरात. मुलं पुण्यात नाहीतर पार अमेरिकेत. म्हणजे त्या एमआयटीच्या डब्याला हवी तशीच घरं झाली की आपली. भाचीला मी हे म्हटलं, ती म्हणाली, मावशी, तुझं म्हणणं खरं ठरलं तर माझा प्रबंध कालबाह्य.

म्हणून तर तुमच्याशी बोलायचं होतं. तिला गाद्या हव्यात! एका खोलीत सात-आठ माणसं झोपलेली. तुमच्याकडे वैशाखात मुंज आहे ना? हॉलमध्ये आदल्या रात्री किती जण असतील? दिरांचं सगळं येईल, नणंदबाई, मुलं… चालेल चालेल, तेवढे पुष्कळ झाले. एक रात्र डबा भिंतीला लावून देईल ती, सकाळी घेऊन जाईल. चेहरा दिसत नाही त्यात, आवाजही नोंदला जात नाही. दिरांचं घोरणं अजिबात छापून येणार नाही, त्यांना सांगा. पण प्रत्येकाची सही लागते हं. कॉलेजात एथिक्स कमिटी असते, ती सह्यांशिवाय हलत नाही. मराठीत फॉर्म आहे, चार पानी, मीच तपासून दिलाय. लहान मुलांच्या आई-बापांची सही.

नणंदबाई करतील का सही? मलाही तीच शंका. त्या रेशनच्या कागदावर करताना तीनदा वाचतात. तुम्ही सांगू नका, मी सांगते. मुलीच्या पीएचडीचं आहे म्हटलं की… नको, पीएचडी म्हटलं की लग्नाचं काढतील. तुमच्या सासूबाईंचंच सांगा त्यांना. त्या पेन्शनच्या सहीचं. आणि दिरांना पहिल्या ओळीत झोपवू नका, पलीकडच्या भिंतीकडे ढकला, डब्यापासून लांब.